विवळवेढ्याचा चढ आणि आपला दम



गाळप हंगाम आटोपला, शेवटची मोळी गव्हाणीत पडली, आणि चैत्रात आम्ही पाचजण घाट उतरून विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या दर्शनाला गेलो. मोखाडा, जव्हार, कासा असा रस्ता. चारोटी नाक्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागला की डहाणू तालुक्यातले हे गाव जवळच. देवीचा डोंगर आणि त्याचा उभा सुळका लांबूनच दिसतो. चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस इथे मोठी जत्रा भरते. पहिल्याच मध्यरात्री वाघाडीचा पुजारी ध्वज घेऊन अंधारात तो डोंगर चढतो. वारली आणि इतर आदिवासी समाजाचे हे कुलदैवत. त्यामुळे जत्रेत तलासरी, जव्हार, विक्रमगडपासून थेट गुजरातच्या सीमेपलीकडची माणसे येतात.

देवीची एक आख्यायिका तिथे सांगतात. पूर्वी देवी डोंगरावरच होती. एक गरोदर भक्तीण दर्शनासाठी चढता चढता चक्कर येऊन पडली. देवीला दया आली आणि ती भक्तांसाठी पायथ्याशी येऊन राहिली. म्हणून आज खाली मोठे मंदिर आहे आणि वरही स्थान आहे.

आम्ही खालचे दर्शन घेतले आणि म्हणालो, आलोच आहोत तर वरही जाऊ. पाचहीजण ऊस उत्पादक, पाचहीजण पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. लहानपणी बैलामागे दिवसभर औत धरलेली माणसे! पण खरे सांगतो, पहिल्या टप्प्यातच भात्यासारखा श्वास सुरू झाला. एकाने गुडघा धरला. दुसऱ्याला दरदरून घाम सुटला आणि तो दगडावर बसला तो उठेचना. तेवढ्यात खालून एक वारली आजी आली. वय सत्तरीच्या घरात, डोक्यावर गाठोडे, पायात काही नाही. आमच्याकडे एकवार बघून तिने विचारले, पाणी पाहिजे का? आम्ही मान हलवली. आजी पुढे निघून गेली. आम्ही परत येत असताना ती वरून उतरत होती, आणि आम्ही तर अर्ध्यातूनच परत फिरलो होतो!

घामाघूम झालेल्या आमच्या सोबत्याचा रक्तदाब दुसऱ्या दिवशी मोजला तेव्हा तो १७०/१०० निघाला. गृहस्थाला पत्ताच नव्हता. “मला काही होत नाही हो,” हे त्याचे नेहमीचे वाक्य. आता गोळी चालू आहे, तब्येत ठीक आहे. पण देवीने वेळेवर खूण केली असेच आम्ही म्हणतो. म्हणून या अंकात ऊसलागण, बेणेप्रक्रिया, पाणी नियोजन बाजूला ठेवून थोडे देहाविषयी लिहीत आहोत.

कारखाना उघडतो, देह का नाही?

हंगाम संपला की आपण कारखान्याचे काय करतो? मिल उघडतो, रोलर तपासतो, बॉयलरच्या नळ्या साफ करतो, बेअरिंग बदलतो. सारे ठाकठीक चालू असले तरी करतो, कारण ऐन हंगामात गाळप बंद पडले तर एका दिवसाचे नुकसान केवढे हे प्रत्येक सभासद जाणतो. मग ज्या देहाच्या जोरावर हा सारा पसारा उभा आहे तो बंद पडेपर्यंत आपण हात का लावत नाही?

हा विचार नुसत्या उपदेशासाठी नाही. आपल्याच कार्यक्षेत्रात अशी घरे आहेत की जिथे उसाचे बिल बँकेत जमा होते आणि तिथून सरळ दवाखान्यात जाते. आठवड्याला दोन-तीन वेळा डायलिसिस, जायला-यायला गाडी, सोबतीला घरातला एक माणूस. शेत वाटेकऱ्याकडे. पुढे एकरभर तुकडा विकायची पाळी. आजार एकाला होतो, पण मोडते सगळे घर.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी तिघांमागे एकाला उच्च रक्तदाब. हा आजार शहरातल्या शेटजींचा, अशी समजूत आता सोडून द्यावी. तो मोटारसायकलवर बसून कधीच आपल्या शिवारात आला आहे.

पाटाचे पाणी आणि रक्तातली साखर

मधुमेह म्हणजे काय, हे आपल्या भाषेत समजून घेऊ. जेवण झाले की अन्नाची साखर होऊन रक्तात उतरते. रक्त हा पाट समजा आणि स्नायू ही वाफ्यांची रानं. पाटाचे पाणी वाफ्यात घ्यायचे तर कुणीतरी दारे धरावे लागते. हे दारे धरण्याचे काम इन्सुलिन करते. इन्सुलिनने दार उघडले की साखर स्नायूत शिरते आणि कामाला लागते.

आता रानातला ऊस पाणी ओढतच नसेल, वाफे आधीच तुडुंब असतील आणि वरून पाट भरभरून सोडला तर? दारे धरणारा किती धावेल? तो थकतो, पाणी पाटातच तुंबते, काठ फुटतात. बसून राहणाऱ्या देहात हेच होते. स्नायू वापरलेच नाहीत तर ते साखर ओढत नाहीत, इन्सुलिनचे ऐकेनासे होतात. मग साखर रक्तात साचते आणि डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, पायाच्या नसा आणि हृदयाच्या वाहिन्या हळूहळू नासवते.

इथेच एक आनंदाची गोष्ट आहे. स्नायू हलू लागला की तो इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतो. म्हणजे चालणे हे दुसरे दार आहे आणि ते उघडणे आपल्या हातात आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे नुसते पाय मोकळे केले तरी रक्तातली साखर कमी चढते. शतपावली म्हणून आपली वडीलधारी मंडळी जे करीत होती त्यात हे मर्म होते.

“आम्ही तर शेतातच असतो!”

हे वाक्य आम्हीही ऐकतो आणि आम्हीही बोलतो. पण एकदा दिवसाचा हिशेब मांडून बघा. घर ते रान मोटारसायकल. नांगरट ट्रॅक्टरने. पाणी ठिबकने, मोटार तर मोबाईलवरून चालू. तोडणी टोळी करते. आपण बांधावर उभे राहतो, चौकात चहा घेतो, दुपारी सोसायटीत बसतो, रात्री टीव्ही. शेतात असणे आणि शेतात राबणे यात आता फार अंतर पडले आहे. जुन्या माणसाची भूक मात्र आपण तशीच ठेवली आहे.

चालण्याचा आणि हृदयाचा संबंध प्रथम नीट दाखवला तो लंडनच्या बसगाड्यांनी. डॉक्टर जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दुमजली बसवरच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर लोकांची तुलना प्रसिद्ध केली. गाडी तीच, शहर तेच. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करणारा. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त आढळला, कंडक्टरांमध्ये कमी. आपण आता ड्रायव्हर झालो आहोत, हे त्यातून घ्यायचे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही असा वेग. याखेरीज आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काम हवे. पन्नाशीनंतर स्नायू झपाट्याने झिजू लागतात आणि म्हातारपणी माणूस पडतो तो बहुतेक पायातला जोर गेल्यामुळे. त्यासाठी तालीम लावायला नको. खुरपे घ्या, कुदळ घ्या, खताची पाटी उचला. जमिनीवर मांडी घालून जेवा आणि हाताचा टेका न देता उठा. जमत असेल तर रोज दहा-वीस बैठका काढा. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवरून उठ-बस करा.

एक साधी युक्ती सांगतो. रान दोन किलोमीटरच्या आत असेल तर सकाळची फेरी पायीच करायची, असे घरात ठरवून टाका. पायी जाणाऱ्याला बांधावरची कीड दिसते, ठिबकची गळती दिसते, उंदराचे बीळ दिसते. गाडीवरून जाणाऱ्याला फक्त रस्ता दिसतो.

नागली, शेवळे आणि आपले ताट

जत्रेच्या पडवीत एका कुटुंबाने आम्हाला आग्रहाने जेवायला बसवले. नागलीची भाकरी, तुरीचे वरण, मिरची आणि वर सुकटीची चिमूट. साधे जेवण, पण पोटाला दुपारपर्यंत आधार राहिला. नागलीत कोंडा भरपूर, आणि शंभर ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम असते. तांदळात ते त्या मानाने नगण्य. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले तेव्हा शहरात नागलीची बिस्किटे महागली. आपल्या आजीच्या उतरंडीत मात्र ती फुकट होती.

या पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडाशी शेवळे उगवतात. त्याची भाजी घशाला खाजते म्हणून त्यात काकडाची आंबट फळे घालतात. पुढे टाकळा, करटोली, बांबूचे कोवळे कोंब, ओढ्याच्या चिंबोऱ्या. महिन्यागणिक ताट बदलते. आपल्याकडे काय झाले आहे? बांधापासून बांधापर्यंत ऊस, आणि भाजी आठवडे बाजारातून. तणनाशकाने पाथरी, तांदुळजा, घोळ कधीच गेली. ऊस हे आपले पीक आहे, पण ते आपले ताट नव्हे! विहिरीजवळ दोन-तीन गुंठे राखून शेवगा, मेथी, दोडका, चवळी, एखादी पपई लावावी. लावणीच्या उसात पहिल्या तीन महिन्यांत हरभरा किंवा मूग आंतरपीक घेता येते. जमिनीला नत्र मिळेल आणि घरात डाळ येईल.

ताट कसे असावे? अर्धे ताट भाजी, कोशिंबीर, फळ. पाव ताट भाकरी किंवा भात. उरलेले पाव ताट डाळ, उसळ, ताक-दही, अंडे किंवा मासळी. ज्वारी, बाजरी, नागली आलटून पालटून खावी. अंगाची झीज डाळीने भरते, भाताच्या डोंगराने नव्हे.

आता साखरेविषयी

कारखान्याच्या पत्रकाने साखर जपून खा म्हणावे, हे वाचून कुणी हसेल. कुणाला रागही येईल. पण सभासदांपासून खरे लपवून ठेवणे हे सहकाराचे वागणे नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाच टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. सर्वसाधारण माणसाला दहा टक्के म्हणजे सुमारे ५० ग्रॅम आणि पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. लहान चमचा सुमारे पाच ग्रॅमचा धरा. दिवसाला पाच कप चहा आणि कपाला दोन चमचे म्हणजे झाले ५० ग्रॅम, आणि अजून शिरा, लाडू, थंड पेयाची बाटली, पाहुण्याकडचा पेढा यायचाच आहे. गुळाचेही तसेच. गुळात खनिजे थोडी आहेत हे खरे, पण रक्तात गेल्यावर तीही साखरच. “आम्ही गुळाचाच चहा घेतो” म्हणून सूट मिळत नाही. उसाचा रस तर ग्लासभर प्याला तर दिवसाची बेगमी एका घोटात होते.

चहा पाचावरून तीनवर आणा आणि चमचे दोनावरून एकावर. पहिले आठ दिवस चहा पाणचट लागेल, महिन्याने जुना चहा घशाखाली उतरणार नाही. दिवाळीला सवलतीची साखर घरी न्यावी, सणाला पुरणपोळी करावी, पोटभर खावी. सण वर्षातून दहा दिवस असतो. उरलेले ३५५ दिवस कसे जातात यावर तब्येत ठरते.

आणि कारखान्याचे काय होईल, ही काळजी नको. आपल्या घरच्या चहातल्या चमच्यावर कारखाना उभा नाही. उसापासून आज इथेनॉल होते, वीज होते, मळीखत होते. साखर खपावी म्हणून सभासदाने आजारी पडावे, असे कुठल्याही संस्थापकाने मनात आणले नसेल. १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना सुरू केला तो शेतकऱ्याचे घर सावरावे म्हणून.

मीठ, दाब आणि फिल्टर

जास्त पाणी आणि खारट पाणी देऊन जमीन क्षारपड होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. देहाचेही तसेच. मीठ जास्त झाले की रक्तात पाणी धरून ठेवते, आणि नळीत पाणी जास्त म्हणजे दाब जास्त. ठिबकच्या मेन लाईनला दाब वाढला तर काय होते? कुठेतरी कच्चा जोड असतो तिथे फुटते. देहात तो जोड मेंदूत असेल तर लकवा, हृदयात असेल तर झटका. फिल्टर, म्हणजे आपले मूत्रपिंड, तर रोजच बाद होत असते. आणि ह्यात दुखत काहीच नाही. दुखत नाही म्हणूनच हा आजार घातकी.

दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक लहान चमचा मीठ पुरे. त्यात भाजीतले, भाकरीतले, लोणच्यातले, पापडातले सगळे आले. सुकी मासळी खाणाऱ्यांनी ती चांगली धुऊन घ्यावी आणि तोंडी लावण्याइतकीच घ्यावी. ताटात वरून मीठ वाढायची पद्धत बंद करावी. वेफर्स आणि फरसाणाच्या पुड्या मुलांच्या हातात देताना आपण त्यांच्या वीस वर्षांनंतरच्या रक्तदाबाचे बेणे लावतो आहोत, हे ध्यानात ठेवावे.

तंबाखू, मिश्री आणि बाटली

यावर लांबण लावत नाही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी पुड्या कुठे मिळतात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. तंबाखू-चुना गालात धरणे, मिश्री लावणे, बिडी ओढणे, सगळ्यांत विष एकच. तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण तेच, आणि रक्तवाहिन्या अरुंद करणारेही तेच. मिश्रीची सवय घरात सासूकडून सुनेकडे जाते, म्हणून भगिनींनी हे विशेष मनावर घ्यावे. गालात पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पुरते न उघडणे, यांपैकी काहीही असल्यास उद्याची वाट न बघता डॉक्टरांना दाखवावे. दारूविषयी इतकेच की औषधापुरती घेतो म्हणणाऱ्याचे औषध वाढतच जाते.

झोप, पाणी आणि गोळ्या

रात्रपाळीची वीज हा आपल्या झोपेचा जुना शत्रू. रात्री दोन वाजता मोटार चालू करायला उठणारा माणूस दिवसा चिडचिडा होतो, जास्त खातो, जास्त चहा पितो. प्रौढ माणसाला सात तास झोप हवीच. ती सतत कमी पडली तर रक्तदाब आणि साखर दोन्ही वर सरकतात. वीज रात्रीची असेल तर दिवसा झोपेची भरपाई करावी. घरातल्या दोघा-तिघांनी पाळ्या वाटून घ्याव्यात, आणि उरलेल्या रात्री मोबाईल उशाशी न ठेवता वेळेवर आडवे व्हावे.

उन्हात काम करताना तहान लागण्याची वाट पाहू नये. तासा-दीड तासाने पाणी प्यावे, मधून ताक घ्यावे. हे तोडणी टोळीलाही लागू आहे. फडात पाण्याचा पिंप आणि बसायला सावली देणे हे मालकाचे काम आहे, उपकार नव्हे. आणि अंगदुखीवर दुकानातून रोज गोळी घ्यायची सवय मोडावी. उन्हात पाणी कमी पडलेल्या देहात या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला फार मारक ठरतात.

“मी तर सडपातळ आहे”

पोट सुटलेल्यालाच साखर होते असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या सहा गावांत मातांचा आणि बालकांचा अभ्यास केला. त्यात दिसले की आपली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी असतात. त्यांचे स्नायू कमी असतात, पण चरबी त्या मानाने कमी नसते. म्हणजे बाहेरून बारीक, आतून चरबीचे. म्हणून आपल्या लोकांनी वजनकाट्याबरोबर कमरेचा फीतही वापरावा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांची ८० च्या आत असावी. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून मोजावी. पोट आत ओढून मोजणारा स्वतःलाच फसवतो!

याच अभ्यासाचा दुसरा अर्थ असा की निरोगी म्हातारपणाची लागण आईच्या पोटात होते. आपल्या घरात सर्वांत शेवटी, उरलेसुरले कोण खाते? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सुनेला, लेकीला सगळ्यांबरोबर ताटावर बसवणे ही आरोग्याची फुकटातली योजना आहे.

एक गैरसमज नको

विवळवेढ्याच्या आजीची गोष्ट वाचून कुणी म्हणेल, आदिवासी माणूस निरोगीच असतो. तसे नाही. १९९२-९३ साली याच पट्ट्यात, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. पाय भक्कम असून भागत नाही, ताटही भरलेले लागते. तिथे ताट रिकामे पडते, आणि आपल्याकडे ताट भरलेले असून पाय रिकामे! चालण्याची सवय आपण त्यांच्याकडून घ्यावी, पण त्यांच्या गरिबीला आरोग्य म्हणू नये.

याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ साली ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम नेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात न्यावी, असा त्यांचा मार्ग होता. हात-तोंड धुणे, नखे काढणे, स्वच्छ राहणे हा त्या शिक्षणाचाच भाग. मोठी माणसे सवय पाळतात की नाही हे मुले बघत असतात. म्हणून शेतातून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे हे आधी आपल्यापासून सुरू व्हावे. फवारणीनंतर तर आंघोळ करून कपडे वेगळे धुतल्याशिवाय ताटावर बसूच नये.

माती परीक्षण तसे रक्त परीक्षण

माती परीक्षण केल्याशिवाय खताचा डोस ठरवू नका, असे शेतकी खाते सांगते. तसेच वर्षातून एकदा देहाचे परीक्षण करावे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत करण्याची योजना आहे. स्त्रियांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही तपासणी त्यात आहे. तिचा लाभ घ्यावा.

आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा वर आला तर उपचार हवा. उपाशीपोटी साखर १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, आणि पुन्हा तपासूनही १२६ किंवा वर आली तर मधुमेह. उंबरठ्यावरचा माणूस चालणे आणि खाणे सुधारून बरेचदा मागे फिरू शकतो, म्हणून लवकर कळणे मोलाचे. गोळी सुरू झाली तर ती बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये. दाब गोळीने आटोक्यात असतो, गेलेला नसतो.

एकदम सगळे करू नका

वरचे सारे वाचून उद्यापासून सगळेच करू म्हणणारा आठव्या दिवशी सगळेच सोडतो. उसाला आपण खत हप्त्याहप्त्याने देतो, तसे सवयीचेही करावे. पहिल्या महिन्यात फक्त चालणे. दुसऱ्या महिन्यात चहातली साखर निम्मी. तिसऱ्यात ताटात भाजी-डाळ वाढवणे आणि वरचे मीठ बंद. चौथ्यात तंबाखूची पुडी विहिरीत न टाकता चुलीत टाकणे. घरातल्या सगळ्यांनी मिळून केले तर टिकते. एकट्याने केले तर जेवायला बसल्यावर रोज भांडण होते, हा आमचा अनुभव आहे.

चांगली निगा ठेवली तर खोडवाही लावणीच्या बरोबरीने उतारा देतो, हे आपण शिवारात पाहतो. पन्नाशीनंतरचे आयुष्य हा आपला खोडवाच. पाचट न जाळता जमिनीत कुजवले, वेळेवर बगला फोडल्या, खत-पाणी दिले तर तो जोमाने फुटतो. दुर्लक्ष केले तर तुटाळ पडते आणि मग नांग्या भरून भागत नाही.

आम्ही पाचजण चैत्रापासून रोज पहाटे गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत चालत जातो. १७०/१०० वाला आमचा सोबती सगळ्यांच्या पुढे असतो. आता त्याचा दाब १३० च्या आसपास राहतो आणि चहाही एक चमच्यावर आला आहे. पुढच्या चैत्र पौर्णिमेनंतर आम्ही पुन्हा विवळवेढ्याला जाणार आहोत, आणि या वेळी वरपर्यंत. ज्या सभासदांना यायचे असेल त्यांनी गट कार्यालयात नाव द्यावे. वर्गणी आपापली आणि अट एकच, आजपासून रोज अर्धा तास चालायचे. ती आजी पुन्हा भेटली तर तिने आम्हाला पाणी विचारायची वेळ येऊ नये, एवढीच देवीकडे मागणी आहे.